लुओबाईंनी बांधलेला ठेका

माझ्या सासूबाई उभ्या आयुष्यात स्वतःचं असं जेड कधी ल्यायल्या नाहीत. आमच्यासारख्यांनी ते ल्यायचं नसतंच. पण लिन्झी शहरात ज्यांच्या कमरेला जेड वाजायचं, त्यांतल्या निम्म्या लोकांची चाल त्या न बघता ओळखत. गल्लीतून कुणी सरदार गेला की हातातला रेशमाचा पीळ न सोडता म्हणायच्या, "धाकटे गाओ चाललेत. कालची उतरलेली दिसत नाही अजून." मी दाराबाहेर डोकावायची. गाओच असायचे, आणि एका हाताने भिंत धरून चाललेले असायचे.

त्यांचं नाव लुओ, म्हणजे रेशमाची लड. त्यांची आई कोष उकलत बसलेली असताना कळा सुरू झाल्या आणि हातातली लड पुरी करूनच ती आडवी झाली, असं सासूबाई मोठ्या तोऱ्यात सांगत. त्यांचं काम दोऱ्यांचं. माझे सासरे बाओ जेड घासायचे आणि सासूबाई ते ओवायच्या. लोक म्हणतात, जेड कोरतात. कोरायला ते काय लाकूड आहे? त्याच्यावर लोखंडाचा ओरखडासुद्धा उठत नाही. ओली वाळू लावून दिवसदिवस घासत बसायचं, तेव्हा कुठे त्या दगडातून ड्रॅगनची एक पापणी बाहेर येते. सासरे म्हणायचे, जेडला तीन गोष्टी लागतात, वाळू, पाणी आणि माणसाची कंबर.

पण नुसतं घासलेलं जेड मुकं असतं. ते माळेत आलं की बोलतं. कमरपट्ट्याला वर एक कमान, तिच्याखाली चकती, मग मणी, आणि सगळ्यांत खाली शेपट्या वळवलेले दोन ड्रॅगन, एकमेकांच्या समोरासमोर. त्या दोघांच्या मध्ये एक चपटी पट्टी लोंबते. माणूस चालला की ती पट्टी एका पावलाला उजव्या ड्रॅगनला लागते, दुसऱ्याला डाव्या. म्हणून मोठ्या घरच्या मुलांना लहानपणापासून चालायला शिकवतात. घाईने चाललं तर जेड कलकलतं, आळसाने चाललं तर मुकं राहतं. नीट चाललं तर असं वाजतं की रस्त्यावरची माणसं आपोआप बाजूला होतात. आणि ते उतरवून ठेवायचं नसतं. सुतकाखेरीज ते कमरेला असायलाच हवं.

मी त्या घरात आले ती रंगाऱ्याची पोर म्हणून. कोपरापर्यंत हात निळे. लग्नात लोकांनी आधी माझे हात बघितले, मग तोंड. सासूबाईंनी मला घेतली तीच मुळी रंगासाठी. दोऱ्याला जांभळा चढवावा तर मी, आणि तो टिकावा तर माझ्या बापाच्या कृतीने. कानाच्या बाबतीत मात्र त्यांनी माझी आशा लवकरच सोडली. "लान, तुझ्या हाताला सगळं कळतं," त्या म्हणायच्या, "कान मात्र देवाने नुसते डूल घालायला दिलेत."

त्या हिवाळ्यात माझा नवरा शेन दगड आणणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला गेला होता. घरात आम्ही तिघंच. एका दुपारी सारथी हेई आला. हा सासऱ्यांचा जुना दोस्त. सरदार लुआन यी यांचा रथ त्याने जन्मभर हाकला. एरवी आला की दारातूनच सासऱ्यांना शिव्या घालत यायचा, त्या दिवशी आला आणि चुलीपाशी गप्प बसला. सासूबाईंनी त्याच्या पुढ्यात गरम पेज आणि खारवलेला मुळा ठेवला. त्याने हात लावला नाही.

शरद ऋतूतल्या शिकारीत रानडुकराच्या मागे रथ घातला आणि दरडीवर तो कलंडला, हे आम्हाला माहीत होतं. लुआन सरदारांचा डावा पाय मोडला होता, हेही. पाय बरा झाला, पण आखूड बसला, हे हेईने त्या दिवशी सांगितलं. लुआन सरदारांचं काम परराज्यांतून आलेल्या पाहुण्यांना दरबारात घेऊन जायचं. म्हणजे सगळ्यांच्या पुढे त्यांनी चालायचं. बरे झाल्यावर ते एकदाच दरबारात गेले. त्या फरसबंदी अंगणात त्यांचं जेड असं खडखडलं, की पलीकडे उभ्या असलेल्या तरुण मंडळींपैकी कुणीतरी म्हणालं, भांड्यांची बैलगाडी आली वाटतं. हसू फार मोठं नव्हतं, पण ते सरदारांनी ऐकलं. तेव्हापासून ते घराबाहेर पडले नव्हते. जेड उतरवायचं नाही आणि घालून चालायचं नाही, म्हणून दिवसभर बसून असत. वसंतातली पूर्वजांची पूजा जवळ आली होती. तिथे घरातल्या कर्त्याने चालत वेदीपर्यंत जावंच लागतं.

"वहिनी, रथ मी हाकत होतो," हेई म्हणाला. बाकी सगळं त्याने लांबण लावून सांगितलं होतं, हे एवढंच सांगून तो थांबला.

सासूबाईंनी त्याची पेज परत गरम केली. मग म्हणाल्या, "ते चालताना मला ऐकायला हवेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. लुआन वाड्याचं अंगण झाडून लख्ख केलेलं, पण त्यावर पावलाची एक खूण नव्हती. सरदार आतल्या दालनात चटईवर बसलेले. मी मनात कुणी म्हातारा धरून गेले होते. ते पन्नाशीचेही नव्हते. दाढी नीट विंचरलेली, डोळे मात्र नुकतंच कुणाशी तरी भांडण झाल्यासारखे. सासूबाई वाकल्या, मी वाकले. हेईने कशासाठी आणलंय ते कळल्यावर सरदार म्हणाले की दोरेवालीसमोर लंगडून दाखवायची वेळ अजून आलेली नाही, आणि त्यांनी आम्हाला बोरं देऊन वाटेला लावायला सांगितलं.

"सरदार, मला बघायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी पाठ करून बसते. माझी सूनही बसेल. आम्ही बोरं खातो, तुम्ही चाला."

आणि त्या खरंच भिंतीकडे तोंड करून बसल्या. मला हाताला धरून शेजारी बसवलं. बोरांची थाळी मध्ये घेतली आणि एक तोंडात टाकलंसुद्धा. बराच वेळ मागे काही हालचाल नाही. मला वाटलं, आता आपल्याला धक्के मारून काढणार. मग काठी टेकल्याचा आवाज आला आणि ते चालू लागले, रागाने, दाणदाण.

"असं नको," सासूबाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "आत्ता राग चालतोय. तुम्ही चाला."

मागून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की खोकल्याचा, मला अजून सांगता येत नाही. पण नंतरची पावलं सावकाश पडली. एक लांब, एक आखूड. आखूड पावलाला सगळं शरीर डावीकडे बसायचं आणि ती मधली पट्टी डाव्या ड्रॅगनवर अशी आदळायची की माझ्यासारख्या बहिरीलाही दात आंबल्यासारखं व्हावं. उजव्याला मात्र ती कशीबशी शिवायची. सासूबाईंनी बोर खाणं थांबवलं. बोटांनी मांडीवर ठोकू लागल्या. "पुन्हा," म्हणाल्या. ते पुन्हा चालले. पुन्हा. शेवटी ते दमले आणि बसले.

"किती वाईट आहे?" त्यांनी विचारलं.

"वाईट कुठे? दोन पावलं वेगळी आहेत, एवढंच. पण दोन्ही रोज आपापल्या जागी पडतात," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घरच्यांचे दोन्ही पाय धड आहेत, पण कुठलं पाऊल कुठे पडेल हे त्यांनाही माहीत नसतं."

परत येताना ती सगळी माळ आमच्या टोपलीत होती. ती उतरवायला सरदार तयार होईनात. सासूबाईंनी विचारलं, दोरा तुटला तर उतरवता ना? हो म्हणाले. मग सासूबाईंनी कमरेची कात्री काढून दोरा कापला.

पुढचे दिवस आमच्या घरात जे चाललं, ते गल्लीला फार दिवस पुरलं. सासूबाई अंगणाचं दार लावून घेत, माळ कमरेला बांधत आणि लंगडत. सरदारांचा पाय जितका आखूड तितकाच त्यांचा डावा पाय आखूड पडायला हवा, म्हणून उजव्या पायाखाली लाकडाचा चपटा तुकडा बांधून सबंध अंगणभर फेऱ्या घालत. दाराच्या फटीतून शेजारच्या कुंभारणीने बघितलं. तिला माळ दिसली नाही, लंगडणं दिसलं. संध्याकाळपर्यंत आल्याचा लेप घेऊन ती दारात हजर. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरची म्हातारी कसल्याशा मुळ्या घेऊन आली आणि पाय दाखव म्हणून बसली. सासूबाईंनी मुकाट्याने लेप लावून घेतला. सांगणार काय? सरदाराचं जेड लेवून अंगणात फिरते, असं सांगितलं असतं तर पाय खरंच मोडायची पाळी आली असती.

आधी त्यांनी दोऱ्यांनीच जमवून बघितलं. डाव्या ड्रॅगनचा दोरा आखूड केला. आवाज थोडा निवला, पण माळ तिरकी दिसू लागली, जशी वाऱ्याने कललेली खिडकी. मणी बदलून पाहिले. गाठी जाड केल्या. उभं राहिल्यावर माळ सरळ दिसायला हवी आणि चालल्यावर गोड वाजायला हवी, या दोन गोष्टी काही एका जागी येईनात. अखेर एका सकाळी त्या सासऱ्यांच्या घासायच्या बाकापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, डावा ड्रॅगन पातळ करून द्या."

सासऱ्यांनी चाक थांबवलं. ते दोन ड्रॅगन त्यांनीच घासले होते, तरुणपणी, एकाच दगडातून. एक आरशाबाहेरचा, दुसरा आरशातला असावा तसे. ते दोघं त्यांचं भूषण होतं. दारूच्या बैठकीत सासरे स्वतःच्या मुलाविषयी बोलत नसत, ड्रॅगनांविषयी बोलत.

"पातळ? जोडीतला एक?" ते म्हणाले. "उद्या म्हणशील, शेनचा एक कान काप."

"समोरून नका हात लावू. मागून घासा. बघणाऱ्याला दोन्ही सारखे दिसतील. वजन फक्त डाव्याचं कमी."

"जोडी म्हणजे जोडी. आतबाहेर सारखी."

"आपण दोघं आहोत सारखे?"

"म्हणून तर निदान दगडात सारखी केली," सासरे म्हणाले आणि चाक फिरवायला लागले.

त्या दिवशी घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मी पेज वाढली, दोघांनी ती माझ्याकडे बघत खाल्ली. दुसऱ्या दिवशीही तेच. सासूबाईंनी भांडण काढलं नाही, रडारड केली नाही. त्यांनी एकच केलं. सासऱ्यांच्या समोर अंगणात ती माळ बांधली आणि लंगडत फेऱ्या घालायला लागल्या. खण्ण, टुक. खण्ण, टुक. सासरे पाठमोरे घासत होते. फेरीमागून फेरी झाली. त्यांचं चाक हळू झालं. मग अडखळू लागलं. मी रंगाच्या कढईपाशी उभी राहून बघत होते. शेवटी ते उठले, सासूबाईंपाशी गेले आणि डाव्या ड्रॅगनला हात लावून म्हणाले, "तो मार खातोय गं."

"तेच तर सांगतेय," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी जुना ड्रॅगन पातळ केला नाही. ते त्यांच्याने झालंच नसतं. त्याच दगडाचा एक तुकडा त्यांनी इतकी वर्षं तेलाच्या फडक्यात ठेवला होता. कशासाठी, ते कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यातून त्यांनी नवा डावा ड्रॅगन घासायला घेतला. समोरून हुबेहूब जुना, मागून खोलगट, जसं ओंजळीतलं पान. उरलेला सगळा हिवाळा त्यात गेला. डोळ्यांना कमी दिसायचं म्हणून पापणीच्या रेषा ते बोटाने चाचपून घासत. हेई रोज येऊन वाळू भिजवून देई. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि बसवतही नव्हतं.

पातळ जेडचा आवाज जाड्यापेक्षा खालचा आणि मऊ निघतो. सासूबाईंना तेवढंच हवं होतं. उजव्या ड्रॅगनची गाठ त्यांनी जराशी पुढे घेतली, म्हणजे पट्टी त्याला नीट लागेल. दोरे मी रंगवले, गडद जांभळे, सात वेळा बुडवून. आणि मग एका सकाळी त्या अंगणात चालल्या. लांब पावलाला वरचा स्वर, स्वच्छ. आखूड पावलाला खालचा, गोल. दोन्हींमधलं अंतर सारखं नव्हतं, पण प्रत्येक वेळी तेवढंच. कुणीतरी एक सूर लांबवावा आणि दुसरा पटकन जागेवर ठेवावा, तसं. लंगडणं लपलं नव्हतं. त्याचा ठेका झाला होता. माझ्या कानालाही कळलं. मी कढईत काठी फिरवायची थांबले. सासूबाईंनी माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "हिला कळलं म्हणजे झालं. आता माळ उचला, वाड्यावर जाऊ."

सरदारांनी माळ बांधली तेव्हा आम्ही पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसलो. या वेळी बोरं नव्हती, मधात घोळवलेले तीळ होते. ते चालले. दालनाच्या टोकापर्यंत गेले, आले. पुन्हा गेले. कुणी सांगितलं नव्हतं तरी पुन्हा. मग अंगणात उतरले, आणि आवाज लांब लांब जाऊ लागला. हेई दाराशी उभा होता. त्याने बाहीने तोंड पुसलं आणि घोड्यांना वैरण घालायचं निमित्त करून निघून गेला.

परत आले तेव्हा सरदार म्हणाले, "बाई, आता वळून बघितलं तरी चालेल."

सासूबाई वळल्या आणि वरपासून खालपर्यंत त्यांना न्याहाळून म्हणाल्या, "कमरपट्टा सैल झालाय. जेवत जा."

पूजेला ते चालत गेले. नंतर दरबारातही. तिथे काय झालं ते आम्हाला हेईकडून कळलं, आणि हेईने सांगितलेल्यातलं अर्धं सोडून द्यायचं असतं. पण कुणी हसलं नाही, एवढं नक्की. लू राज्याकडून आलेला एक म्हातारा पाहुणा अर्ध्या अंगणात थांबला आणि तुमच्याकडे चालायची ही रीत कधीपासून सुरू झाली, असं त्याने विचारलं म्हणे. सरदार म्हणाले, या हिवाळ्यापासून.

पुढची गंमत कुणाच्या स्वप्नातही नव्हती. लिन्झी हे असं गाव आहे की इथे एकाने टोपी तिरकी घातली की महिन्याभरात सगळ्या टोप्या तिरक्या. उन्हाळ्यापर्यंत तरुण मंडळी एक पाऊल लांब, एक आखूड टाकत बाजारातून हिंडायला लागली. त्याला लुआन-चाल म्हणत. त्यांच्या माळा मात्र जुन्याच, त्यामुळे सगळं शहर खडखडायला लागलं. मग ते आमच्या दारात. तशी माळ करून द्या. त्यांतला एक तर, आम्हाला शंका आहे, बैलगाडीवाला विनोद करणाराच होता. सासरे प्रत्येकाला गंभीरपणे सांगत, "करतो की. आधी डावा पाय मोडून आणा. माप त्यावरून घेतात."

सरदारांनी सासूबाईंना रेशीम पाठवलं, हरणाचं मांस पाठवलं, आणि सणाला हेईबरोबर दारूचं मडकं यायचं ते कधी चुकलं नाही. जेड देऊ का, असं त्यांनी एकदा विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, मी घालून फिरलेय पुष्कळ. सरदारांना ते कळलं नाही, आणि आम्ही घरची तिघंही जमिनीकडे बघत राहिलो.

लुआन सरदार बरीच वर्षं जगले. नातवाच्या लग्नात त्याच माळेनिशी चालले. ते गेले तेव्हा त्यांच्या मुलाने सासूबाईंना बोलावलं, कारण माळ त्यांच्याबरोबर थडग्यात जायची होती आणि दोरे जुने झाले होते. आम्ही दोघी पुन्हा त्या वाड्यात गेलो. सासूबाईंचे हात तोवर सांध्यांत सुजलेले, गाठी मीच मारल्या, त्यांनी फक्त सांगितल्या. ड्रॅगन ओवताना मी विचारलं, ठेका तसाच ठेवायचा ना? त्यांनी थोडा विचार केला. मग मधल्या पट्टीभोवती मऊ रेशमाची एक चिंधी गुंडाळायला लावली.

"झोपलेल्या माणसाच्या कानाशी कशाला वाजवायचं," त्या म्हणाल्या. "आणि उठलेच, तर चिंधी सोडायला त्यांना हात आहेत."

घरी येऊन त्यांनी आंघोळ केली आणि दोन वाट्या पेज खाल्ली, वर मासा मागितला. दुःख झालं होतं, पण ते पोटापर्यंत पोचलं नव्हतं. माणूस चांगला जगला, चांगला चालला, म्हणाल्या.

आता त्या सत्तरीच्या पुढे आहेत. अंगणात उन्हात बसून रेशमाचे तुकडे निवडतात, चांगले एकीकडे, वाईट माझ्याकडे. सासऱ्यांना जवळपास दिसत नाही. हेई आणि ते रोज दुपारी सोंगट्यांचा डाव मांडतात आणि सासरे फासे बोटांनी वाचतात. हेई फसवतो. सासऱ्यांना ते कळतं, कारण हेईने सोंगटी सरकवली की सासूबाई तिकडून खाकरतात. काल खाकरल्या नाहीत. डाव हेई जिंकला. मी विचारलं, आई, आज काय झालं? म्हणाल्या, "बिचारा महिनाभर हरतोय. असू दे." आणि मला नवा धागा उचलून दाखवला, हा जांभळा फिका झालाय, पुन्हा बुडव.